मामींचा गुणक

लुगडं नऊ वारांचं असतं. तेच मीटरमध्ये मोजलं तर जेमतेम सव्वाआठ मीटर भरतं. आकडा उतरला म्हणून पदर काही आखूड होत नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला सम्मेद मगदूम हे ऐकवायचा आणि मुलं हसली की त्याला मनापासून बरं वाटायचं.

मग तो फळ्याकडे वळायचा. एक वार म्हणजे शून्य पूर्णांक नऊ एक चार चार मीटर. हा झाला रूपांतराचा गुणक. हा गुणक अपूर्णांकात लिहिला तर वर मीटर, खाली वार; पण वरचं आणि खालचं कापड तेवढंच. वर-खाली एकच वस्तू असेल तर त्या अपूर्णांकाची किंमत किती? एक. म्हणून गुणकाने गुणलं तरी वस्तू बदलत नाही, फक्त तिचं नाव आणि आकडा बदलतो. खरा गुणक म्हणजे वेष पालटलेला एक, दुसरं काही नाही.

हे सगळं शाळेतच शिकवतात हे खरं. पण सम्मेदचं काम शाळेपेक्षा जरा पुढचं होतं. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात तो वेदनामापकाचा प्रमाणक होता, म्हणजे माणसांचे गुणक काढून देणारा.

वेदनामापक म्हणजे मानेवर, केसांच्या खाली चिकटवायची नखाएवढी पट्टी. शरीरात कुठेही दुखलं की मज्जातंतूंमधून जे संकेत मेंदूकडे धावतात ते ही पट्टी टिपते. ती आली आणि 'कुठं दुखतंय, किती दुखतंय' या प्रश्नोत्तरांचा काळ संपला असं सगळ्यांना वाटलं. अडचण एकच होती. कुणाची कातडी जाड, कुणाचे तंतू खोल, कुणाचं वय झालेलं, त्यामुळे एकाच चिमट्याला दोन माणसांच्या पट्ट्या दोन वेगळे आकडे दाखवायच्या. प्रत्येक शरीर जणू आपापल्या गजाने मोजत होतं. ते सगळे गज एका मापात आणायचे तर प्रत्येकाला स्वतःचा गुणक हवा.

तो काढायची रीत सोपी होती. दंडाला पट्टा बांधायचा, ठरलेल्या जोराने आवळायचा आणि विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? माणूस जो आकडा सांगेल त्याला पट्टीच्या संकेताने भागायचं. आला गुणक. सर्वसाधारण माणसाचा गुणक एकच्या आसपास यावा अशी यंत्राची जुळणी केलेली होती. पुढे जन्मभर त्या माणसाच्या संकेताला त्याच गुणकाने गुणायचं, की दुखणं 'आर्त' या एककात मिळतं. मोठ्या विद्वानांनी दिलेलं हे नाव लोकांनी काही उचललं नाही. लोक नुसतं 'आकडा' म्हणायचे.

मेख होती ती इथेच. वार आणि मीटरच्या अपूर्णांकात वर-खाली कापडच असतं. इथे खाली यंत्राचा संकेत आणि वर माणसाची जीभ. जिभेला लाज असते, सवय असते आणि समोर कोण बसलंय याचं भान असतं. म्हणून नियम असा होता की मोजणी बंद खोलीत, अनोळखी प्रमाणकाने करायची आणि नात्यातलं कुणीही त्या खोलीत असता कामा नये. कुणी आत आलंच तर मोजणी रद्द. सम्मेद हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यायचा.

आणि त्यानेच तो मोडला, तोही सासुरवाडीत, मुलीच्या बारशाला.

सम्मेदची सासू रत्नमाला चौगुले सांगलीजवळ खेड्यात राहायच्या. तो त्यांना मामी म्हणायचा. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीने त्याच्या बायकोला, त्रिशलाला, वाढवलेलं. त्या महिन्यापासून गुणक नोंदवलेला नसेल तर इस्पितळात घेणार नव्हते आणि केंद्रावर रांगा लागलेल्या. "मामींचं मी घरीच करून टाकतो," असं म्हणून सम्मेदने पट्ट्याची पेटी गाडीत टाकली होती. चार लोकांत आपलं यंत्र मिरवायची हौस त्यालाही होतीच म्हणा.

बाळाचं नाव ठेवून झालं. घराच्या पुढच्या सोप्यात सम्मेदचे वडील अण्णा, आई, काका, आत्या अशी सगळी व्याही मंडळी बसलेली. ऊन उतरायला लागलं होतं. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत व्याह्यांची पानं उठलीच पाहिजेत. आतून आमटीला उकळी आल्याचा वास येत होता आणि मामींचा जीव चुलीपाशी होता.

"आत्ताच कशाला, जावईबापू? आधी जेवून घ्या की."

"दोन मिनिटांचं काम आहे, मामी. बसा तुम्ही."

मामी पदर डोक्यावर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकल्या. सम्मेदने पट्टा आवळला.

"किती?"

"काय नाही हो."

"आकडा सांगायचा, मामी."

"मग एक घाला."

अण्णा मोठ्याने हसले. "विहीणबाई लोखंडाच्या आहेत! आमचा पोरगा हरणार बघा."

सम्मेदने जोर वाढवला. याच जोराला पैलवान गडी 'बास बास' म्हणून हात ओढून घेतात. मामींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "दोन," त्या म्हणाल्या आणि वर हसल्यासुद्धा. पण त्यांचा दुसरा हात मांडीवरच्या पदराखाली होता आणि त्या पदराखाली मूठ इतकी घट्ट वळली होती की मनगटावरच्या बांगड्या थरथरत होत्या. हे फक्त सम्मेदला दिसलं, कारण तो खाली गुडघ्यावर बसला होता.

यंत्राने विचारलं: गुणक फार कमी आहे, पुन्हा मोजायचं का?

त्याने दाराकडे पाहिलं. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकली होती. त्रिशलाच्या काकू पानं मांडत होत्या. जावयासमोर, व्याह्यांसमोर ही बाई 'आई गं' म्हणणार नाही हे कळायला शिक्षण लागत नव्हतं. त्याने 'नको' दाबलं. गुणक नोंदला गेला, शून्य पूर्णांक दोन दोन.

"वाजवा टाळ्या," अण्णा म्हणाले, आणि मंडळींनी खरंच वाजवल्या. मामी लाजून आत पळाल्या.

पाच महिन्यांनी त्रिशला कामावर रुजू झाली आणि बाळाला सांभाळायला मामी मिरजेला येऊन राहिल्या. एका सकाळी त्या पोट धरून बसलेल्या दिसल्या. त्रिशलाने ऐकलं नाही, थेट इस्पितळात घेऊन आली.

आकस्मिक विभागात आता कोण आधी, कोण नंतर हे भिंतीवरचा फलक ठरवायचा. कुणाचा आकडा आठ, कुणाचा सहा. मामींच्या नावापुढे होता एक पूर्णांक आठ. त्या बाकावर बसून राहिल्या. तरण्या डॉक्टरने शेवटी पोट दाबून विचारलं, "दुखतं का, आजी?"

"थोडं थोडं," मामी म्हणाल्या. शेजारी जावई उभा होता.

डॉक्टरने फलकाकडे पाहिलं, सम्मेदकडे पाहिलं. "सर, दोनच्या आतच आहे. पित्ताचं असेल. गोळ्या देतो, वाढलं तर आणा."

सम्मेदने मान डोलावली. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण खरं तेच सांगायचं, त्या घटकेला त्याला बांगड्या आठवल्याच नाहीत. आकडा स्वतःच काढलेला होता आणि आकडा बघून त्याला बरं वाटलं. "काही विशेष नाही, मामी. गॅस असेल," असं तोच म्हणाला.

मामींनी गोळ्या घेतल्या. घरी येऊन बाळाला न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी मेथीचे धपाटे केले. त्याच्या पुढच्या दुपारी त्रिशला घरी आली तेव्हा बाळ पाळण्यात रडत होतं आणि मामी मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या.

अपेंडिक्स कधीच फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. शस्त्रक्रिया चार तास चालली. बाहेर आल्यावर डॉ. शहनाज मुजावर म्हणाल्या, "इतकं होईपर्यंत या बाई चालत-बोलत होत्या कशा, हेच मला समजत नाही. पट्टी होती ना त्यांना?"

"होती," सम्मेद म्हणाला. तेवढंच म्हणाला.

अतिदक्षता विभागात मामींच्या तोंडात नळी होती. अर्धवट शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. वेदनाशामक औषध पंपातून जायचं आणि किती सोडायचं हे पंप आकड्यावरून ठरवायचा. पडद्यावर आकडा दोनच्या आसपास होता, म्हणून पंप थेंब मोजून देत होता. नाडी मात्र पळत होती.

"तापामुळे," परिचारिका म्हणाली.

दुपारची भेटीची वेळ होती. सम्मेद पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मामींचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम, आणि चादरीवरचा हात... आता पदर नव्हता झाकायला. मूठ वळलेली होती. तीच मूठ. पडद्यावर जे दोन आहेत ते कमीतकमी नऊ आहेत आणि हे या इमारतीत फक्त आपल्याला ठाऊक आहे. ही बाई इथे पडून नऊ सोसतेय आणि पंपाला वाटतंय दोन. वाटतंय कुठलं, आपणच पंपाला तसं सांगून ठेवलंय.

तो परिचारिकेला म्हणाला, "सिस्टर, थोडं जास्त सोडता येईल का? हाताने?"

"आकडा एवढा कमी असताना? मला नाही येत, सर. डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांना विचारायचं म्हणजे गुणक चुकलाय असं सांगायचं. मामी बोलू शकत नव्हत्या, म्हणजे नवी मोजणी होणार नाही. जुना गुणक बाजूला ठेवायला एकच वाट होती. ज्याने तो काढला त्याने मोजणी सदोष होती असं लेखी द्यायचं. तसं दिलं की परवाना जाणार. आणि त्याहून अवघड म्हणजे त्रिशलाला कळणार.

तो खाली कँटीनला गेला. चहा घेतला. स्वतःला समजावलं की काही माणसं खरोखरच सोशिक असतात. कदाचित गुणक बरोबरही असेल. मूठ काय, कुणीही वळतं. चहावर साय धरेपर्यंत तो असं बरंच काही समजावत बसला, आणि प्रत्येक वाक्यागणिक वर पंप थेंब मोजत होता. स्वतःची एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. चहा तसाच टाकून तो उठला.

डॉ. मुजावरांच्या खोलीत त्रिशला आधीच बसलेली होती. बाहेर बोलवून एकटीला सांगावं असा विचार मनात आला आणि त्याने तो झिडकारला. उभ्या-उभ्याच सांगितलं. बारशाचा सोपा, व्याही मंडळी, मावळतीची घाई, यंत्राचा प्रश्न, आपण दाबलेलं 'नको'.

"त्यांना दुखत होतं हे तुम्हाला कळलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळलं होतं. मूठ दिसली होती."

डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर त्याने तेच लिहून सही केली. डॉक्टर उठल्या, तशी त्रिशलाही उठली. तिघं पलंगापाशी आली. डॉक्टरांनी मामींचा गुणक काढून तात्पुरता सर्वसाधारण गुणक घातला, एक.

पडद्यावर दोनचे नऊ झाले. पंप लगेच गुरगुरला आणि औषध वेगाने सुरू झालं. मामींच्या कपाळावर नवी आठी पडली नव्हती, की नवा घाम आला नव्हता. वाढलं काहीच नव्हतं. होतं तेच आता दिसायला लागलं होतं.

पण यंत्र तेवढ्यावर थांबलं नाही. पट्टी मागचे सगळे संकेत साठवून ठेवते. गुणक बदलला की जुना आलेखही नव्याने काढते. जमिनीलगत सरपटणारी रेघ डावीकडून उठत गेली. त्रिशला पुढे झाली आणि बोटाने मागे-मागे जाऊ लागली.

"हे इथलं. बाकावर बसली होती तेव्हा. आठ." तिचा आवाज सपाट होता. "ही त्याच सकाळची वेळ, घरी आल्यावरची. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती ना? मी म्हटलं होतं, आई, नको घालूस. ती म्हणाली, पोर किरकिर करतंय. साडेआठ." बोट पुढे सरकलं. "हे धपाटे."

"त्रिशला..."

"तू दोन खाल्लेस. दह्याबरोबर." ती वळली नाही. "ती आपली लाजली, सम्मेद. तिचा काय दोष? पण तुला तर दिसलं होतं."

दहा-बारा मिनिटांत मामींची मूठ सैल झाली. एकेक बोट उलगडत गेलं. परिचारिकेने तळहात पुसला तेव्हा नखांच्या चार खुणा दिसल्या.

मामी वाचल्या. महिनाभराने त्या पलंगावर उठून बसल्या, दूध-भात खाऊ लागल्या. सम्मेदची चौकशी सुरू झाली होती. चौकशी करणाऱ्यांनी सांगितलं, बाईंची नवी मोजणी करू. गुणक जुन्याच्या जवळपास आला तर मोजणी नियमबाह्य असली तरी चुकीची नव्हती असं धरू, परवाना राहील. सम्मेदने हे घरी कुणाला सांगितलं नाही. पण कार्यालयातल्या कुणीतरी अण्णांना सांगितलं, आणि अण्णा सफरचंदं घेऊन विहीणबाईंना भेटून आले.

मोजणीच्या दिवशी सोलापूरहून आलेली नवी प्रमाणक रेवती बिराजदार मामींना घेऊन खोलीत गेली. दार लागलं. बाहेर बाकाच्या एका टोकाला त्रिशला, दुसऱ्या टोकाला सम्मेद. दाराच्या वरच्या झडपेतून आवाज येत होते.

"किती, आजी?"

"एक."

पट्टा फुगल्याचा आवाज.

"आता?"

"दोनच की. काय नाही, बाई. आवळा अजून."

सम्मेदला आधी कळेचना. आत नात्यातलं कुणी नव्हतं, मुलगी अनोळखी होती, कुणाच्या पानांची घाई नव्हती. मग लाज कुणाची? आणि मग एकदम सफरचंदं आठवली. ही बाई आत जावयाची नोकरी वाचवत बसली होती. पोटावरचा टाका अजून ओला, आणि ती 'आवळा अजून' म्हणत होती.

"अजून थोडं, आजी. आता?"

"दोन."

त्याने दार उघडलं.

"सर, तुम्हाला आत यायला नको," रेवती दचकून उभी राहिली. "मोजणी रद्द होईल."

"म्हणूनच आलो. पट्टा सोडा."

"जावईबापू, बाहेर व्हा," मामी म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "आमचं चाललंय न्हवं इथं? झालंच होतं."

"अण्णा काय म्हणाले तुम्हाला?"

मामी दंडावरचा पट्टा चाचपू लागल्या.

"मामी, परवाना मी सोमवारीच परत करून टाकला. तुम्ही दोन म्हणा नाहीतर दहा म्हणा, तो आता मिळायचा नाही. आणि पुन्हा कधी पोटात दुखलं, तर याच गुणकावर तुम्हाला बाकावर बसवून ठेवतील."

"का परत केलासा?" त्या एकदम चिडल्या. "म्या म्हणते, का? तुमची काय चूक? मलाच बोलता आलं न्हाई."

"मला दिसलं होतं, मामी. बारशाला. तुमची मूठ."

मामी इतके दिवस मनाशी धरून होत्या की ते कुणालाच दिसलं नव्हतं. आपण नीट झाकलं, म्हणून बिचारा फसला.

"बघितलासा?"

"हो."

"बघून बी..."

"हो."

त्याला वाटलं आता त्या म्हणतील, असू दे, होतं माणसाकडून. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान फिरवून रेवतीला सांगितलं, "बाई, ह्यास्नी भाईर घाल. दार लाव. पहिल्यापासनं कर."

तो बाहेर आला. दार लागलं, आतून कडी सरकली. पट्टा फुगायचा आवाज आला. मग आतून ओरडण्याचा आवाज आला.

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण सम्मेदने मामींचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. 'आई गं' असं मोठ्याने, खडबडीत, मोकळ्या गळ्याने. पट्टा सुटला, पुन्हा आवळला, पुन्हा तो आवाज. त्रिशला तोंडावर हात धरून उभी राहिली. सम्मेदने कान झाकायला हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. बारशाच्या दिवशी जे ऐकायचं टाळलं ते आता उभं राहून ऐकलं पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

बऱ्याच वेळाने रेवती बाहेर आली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"एक पूर्णांक शून्य तीन," ती म्हणाली. "अगदी सर्वसाधारण, सर. केंद्रावर सगळे म्हणत होते की या बाई फार सोशिक आहेत, त्यांना दुखतच नाही म्हणून. तसं काही नाहीये. चारचौघांना दुखतं तेवढंच त्यांनाही दुखतं."

त्रिशला तिला ओलांडून आत गेली. मोजणी संपली होती. नियमाप्रमाणे आता सम्मेदलाही आत जाता येत होतं.